फिजिकल आणि इंग्रजी, दोन्ही एकाच पोरीला घेऊ द्या : आमच्या कॉलेजवाल्यांना खुलं पत्र

संस्थेचे अध्यक्ष साहेब, सचिव साहेब, प्राचार्य सर, ॲडमिशन कमिटीवरचे सर-मॅडम आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळांवर असणारे सगळे, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला माणूस, तुमच्याच कॉलेजातून २०१५ ला बीए झालो. चार एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस-तूर-सोयाबीन करतो, आणि सकाळी पाच ते सात गावाबाहेरच्या गायरानावर पोरापोरींचं ग्राउंड घेतो. पोलीस भरतीवाले आहेत, कबड्डीच्या पोरी आहेत, दोन-चार मिलिटरीत जायचं म्हणणारे आहेत. फी घेत नाही. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं कोण लिहून राहिलं ते तुम्हाला समजेल.

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन ॲडमिशनला आलो होतो. पोरगी बारावी आर्ट्स पास झाली, कबड्डीत विभागापर्यंत खेळली, उजव्या कोपऱ्यात उभी राहते आणि तिची अँकलची पकड एकदा बसली की सुटत नाही. तिला शिक्षिका व्हायचं आहे, खेळाची. आणि तिला इंग्रजी आवडते, म्हणजे खरंच आवडते, बारावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात शेवटी कादंबरीचा भाग आहे तो आमच्याकडं बहुतेक पोरं गाईडमधून उरकतात, हिनं तो डिक्शनरी घेऊन वाचला, ओट्यावर बसून, एकेका पानाला एकेक तास लागला तरी वाचला. म्हणून फॉर्मवर तिनं दोन विषय मनात धरले होते, फिजिकल एज्युकेशन आणि इंग्लिश लिट्रेचर.

खिडकीवर सांगितलं, "दोन्ही एकाच ग्रुपात आहेत, एकच भेटते."

ती म्हणाली, "पण सर, मले दोन्ही पाहिजेत."

"भेटत नाही ना बेटा. दोन्हीचे पिरेड एकाच टायमाले असतात. अन फिजिकलचं यंदा काही खरं नाही, पोरं कमी आले तर विषयच बंद होऊन राहिला."

मागं खुर्चीवर एक जण बसले होते, त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "खेळणाऱ्या पोरीले लिट्रेचर काऊन पाहिजे? बॅक राहीन तुही."

ती काही बोलली नाही. फॉर्मची घडी केली, परत उघडली, परत घडी केली. बाहेर येऊन कडुलिंबाखाली मोटरसायकलजवळ उभी राहिली तेव्हा मला म्हणे, मामा, यायनं माह्यी मार्कशीट तं पाह्यली बी नाही.

खिडकीवरच्या माणसावर माझा राग नाही, त्यांच्यासमोर जो कागद चिकटवून ठेवला आहे तोच ते वाचून दाखवतात. माझं म्हणणं त्या कागदाबद्दल आहे, आणि तो कागद तुम्ही बनवता.

कारण याच खिडकीवर २०१२ ला मी उभा होतो. तेव्हाही हाच ग्रुप, हेच उत्तर. मी फिजिकल घेतलं आणि इंग्रजी सोडलं. फिजिकल घेतल्याचा एक दिवस पस्तावा झाला नाही, ते आधी सांगतो. आमच्या स्पोर्ट्सच्या सरांनी पहिल्याच वर्षी आम्हाला ट्रॅक आखायला लावला होता. सुतळी, खुंट्या, मीटर टेप आणि एक पोतं फक्की, म्हणजे आखणीची पांढरी भुकटी. चारशे मीटरच्या ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर, एक लेन १.२२ मीटर. मग चारशेच्या रेसला दुसऱ्या लेनवाला पहिलीवाल्याच्या ७.०४ मीटर पुढं उभा राहते. काऊन पुढं? तर बाहेरच्या लेनचं वळण मोठं असते, तेवढं अंतर त्याला आधीच काढून द्यावं लागते. सर मातीतच काडीनं गणित मांडायचे. दहावीला नुसतं पाठ केलेलं वर्तुळाच्या परिघाचं टू पाय आर मला तिथं गुडघ्यावर बसून, हाताला फक्की लागलेली असताना समजलं. आजही आमच्या गायरानावर दोनशेचाच ट्रॅक बसते पण तो मी तसाच सुतळीनं आखतो, नजरेनं नाही. लोक म्हणतात फिजिकल म्हणजे ढ पोरांचा विषय, नुसतं पळायचं आणि मार्क घ्यायचे. त्यात शरीररचना आहे, शरीरक्रिया आहे, मापन-मूल्यमापन आहे, खेळाचं मानसशास्त्र आहे, दुखापतीवर पहिला उपचार आहे. आमच्या गावात कोणाचा पाय मुरगळला की अजूनही लोक गरम तेलानं जोरात चोळतात आणि सूज दुप्पट होते. बर्फ लावायचा, बांधायचं, पाय उंच ठेवायचा, हलवायचा नाही, हे मी कॉलेजात शिकलो आणि आता आमच्या ग्राउंडवरच्या प्रत्येक पोराला हे माहीत आहे.

पण इंग्रजी सोडल्याचा पस्तावा आहे आणि तो अजून गेला नाही. २०१७ ला खेळाच्या कोचिंगच्या एका सर्टिफिकेट कोर्सला गेलो होतो. ग्राउंडवर मी कोणाच्या मागं नव्हतो. थिअरीच्या पेपरात प्रश्न आला प्रोग्रेसिव्ह ओव्हरलोडवर. मी बराच वेळ त्या दोन शब्दांकडं पाहत बसलो. ओव्हरलोड म्हणजे मला वाटलं पोराला जास्त ताण दिला, दुखापत झाली, त्याबद्दल काही विचारलं असेल. जागा कोरी सोडली. रूमवर आल्यावर सोबतच्या मुलानं सांगितलं की अरे, म्हणजे व्यायामाचा भार दर आठवड्याला थोडा थोडा वाढवत न्यायचा, एकदम नाही. हे तर मी रोज करत होतो! पहिल्या आठवड्यात पोरांना आठशे मीटर, मग हजार, मग बाराशे, असं करत करतच सोळाशेवर नेत होतो. काम येत होतं, त्याचं नाव येत नव्हतं. थिअरीत मी नापास झालो, आणि परत जायला तेव्हा ना पैसे होते ना वावर सोडून जायची सोय.

आता कोणी म्हणेल, भरतीच्या पोरांना इंग्रजी कशाला. खरं आहे, पोलीस शिपाई भरतीच्या लेखीत मराठी व्याकरण, गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान असते, इंग्रजी नसते. पण सगळेच पोलीस होत नाहीत ना, उंचीत बाद होतात, गोळाफेकीत मार्क कमी पडतात, मग तेच पोरं दुसऱ्या परीक्षा देतात. २०२३ च्या तलाठी भरतीत १०० पैकी २५ प्रश्न इंग्रजीचे होते. आमची पोरं त्या पंचवीस प्रश्नांवर अंदाजपंचे उत्तरं देऊन येतात, मेहनत मात्र कोणापेक्षा कमी करत नाहीत.

आणि परीक्षा बाजूला ठेवा. मागच्या वर्षी दिवाळीच्या आधीची गोष्ट सांगतो. ग्राउंडवरचा एक पोरगा पावडरीचा डबा घेऊन आला, कोणीतरी त्याला शहरातून आणून दिला होता, बॉडी बनते म्हणून. डब्यावर सगळं इंग्रजीत, बारीक बारीक अक्षरात. मी डबा फिरवून फिरवून पाहिला आणि मला त्यातलं साखर आणि प्रोटीन सोडून काहीच समजलं नाही. त्या पोराचा मी गुरू, आणि त्यानं जे तोंडात टाकायला घेतलं ते मला वाचता येत नव्हतं. हीच भाची पुढं आली, डबा घेतला, एकेक शब्द मोबाईलवर शोधत वीस मिनिटं बसली आणि म्हणाली, मामा, याच्यात कशाचं किती आहे ते लिहूनच नाही, नुसतं मिश्रण म्हणून लिहिलं आहे, हे नको खाऊ देऊ. तो डबा त्या दिवशी परत गेला.

हे लहान नाही हो. आमच्या पोरी उद्या राज्यावर, विद्यापीठाकडून खेळल्या तर डोपिंगची, म्हणजे बंदी असलेलं औषध अंगात आहे का याची, टेस्ट त्यांचीही होऊ शकते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन नावाचं औषध असते, स्पर्धेच्या काळात ते लघवीत ठराविक प्रमाणाच्या वर सापडलं तर खेळाडू अडकतो, मग तुम्ही सर्दीसाठी घेतली का कशासाठी, तो प्रश्न नंतरचा. बंदी असलेल्या औषधांची यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नवी लागू होते आणि ती मूळ इंग्रजीतच असते. खेड्यातल्या मेडिकलवर चार गोळ्या कापून देतात, त्या पट्टीच्या मागचं नाव वाचणारं कोणीतरी संघासोबत पाहिजे की नाही? ते कोण असणार, पीटीची बाईच असणार ना. म्हणजे तिला शरीरही आलं पाहिजे आणि इंग्रजीही आलं पाहिजे. तुमच्या कागदावर नेमकी हीच जोडी बसत नाही.

आता नियमाचं बोलतो, कारण खिडकीवर "वरून नियम आहे" असंही ऐकायला भेटलं. मी वाचायचा प्रयत्न केला, एका ओळखीच्या मास्तरांकडून समजून घेतलं. २०२४-२५ पासून आपल्याकडं सगळ्या संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरणानुसार पहिलं वर्ष सुरू झालं, मेजर म्हणजे मुख्य विषय, मायनर म्हणजे सोबतचा दुय्यम विषय, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आवडीनं निवडायचा विषय, क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचा हिशोब वगैरे. एका सेमिस्टरला साधारण २२ क्रेडिट. त्यात ओपन इलेक्टिव्हबद्दल शासनाचंच म्हणणं असं आहे की ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचंच घ्यायचं, आणि मायनर दुसऱ्या विद्याशाखेतलं घेतलं तरी चालते. आता पाहा, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात चार विद्याशाखा आहेत. इंग्रजी मानव्य विज्ञान मध्ये आणि शारीरिक शिक्षण आंतरविद्याशाखीय मध्ये. म्हणजे ज्या पोरीचं मेजर इंग्रजी आहे तिला फिजिकल ओपन इलेक्टिव्ह म्हणून घ्यायला आडकाठी तर नाहीच, उलट बाहेरचा विषय घ्या असं धोरणच सांगते. मायनर म्हणूनही चालते. मग अडलं कुठं? अडलं तुमच्या टाइमटेबलात. जुन्या ग्रुपचा कागद तसाच नव्या धोरणाला चिकटवून दिला, दोन्ही विषय सव्वाअकराला ठेवले आणि पोरीला सांगितलं नियम आहे. एवढाच माझा आक्षेप आहे, पण तो मनापासून आहे, कारण एका पिरेडच्या जागेवर एका पोरीची तीन वर्षं ठरून राहिली आहेत.

टाइमटेबल बदलतानाही एक गोष्ट लक्षात ठेवा अशी विनंती आहे. फिजिकलचं प्रॅक्टिकल सकाळी सहाला ठेवलं की बाहेरगावच्या पोरी आपोआप बाद होतात. पहिली एसटी आमच्या फाट्यावर पावणेनऊला येते, पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर तीही नाही. बारावीपर्यंत पोरींना एसटीचा पास फुकट होता, कॉलेजात आली की पैसे भरून पास काढायचा, त्यावर परत सकाळी काळी-पिवळी जीपनं जा म्हटलं तर बाप सरळ म्हणते राहू दे. हजेरीत मग ती पोरगी "अनियमित" दिसते. प्रॅक्टिकल तीन ते साडेचार ठेवा, साडेपाचची गाडी भेटते. ऊन लागते म्हणाल तर कापूस वेचताना दिवसभर याच पोरी उन्हात असतात, त्यांना मैदानाच्या कडेला दोन झाडं आणि प्यायला पाणी असलं की झालं.

आणि बंद करायचं म्हणता ते मात्र करू नका. आमचे स्पोर्ट्सचे सर रिटायर झाले, त्यांची जागा अजून भरली नाही. इंग्रजी तासिका तत्त्वावरच्या मॅडम शिकवतात, चांगलं शिकवतात, पण त्यांना तासाप्रमाणे पैसे आणि तेही महिनोन्महिने उशिरा, म्हणून त्या दुसऱ्या एका कॉलेजातही जातात. शिकवणारं कोणी नसलं की पोरं कमी येतात, पोरं कमी आली की तुम्ही म्हणता विषयाला मागणी नाही. मागणी कशी दिसणार, प्रॉस्पेक्टसमध्ये विषय शेवटच्या पानावर, मैदानावर कमरेएवढं काँग्रेस गवत आणि गोळाफेकीचा गोळा ऑफिसच्या कपाटात. आमच्या गायरानावर या, एका सकाळी या, मी अठरा पोरं-पोरी दाखवतो, त्यातले सात जण यंदा बारावी झालेत. शेजारच्या तालुक्यातलं कॉलेज आपल्यापासून बावीस किलोमीटर आहे, त्यांच्याकडं फिजिकलचे सर आहेत आणि इंग्रजीला कोणी नाही असं ऐकतो. दोन्ही प्राचार्यांनी एकदा बसून आठवड्याचे दोन-दोन दिवस वाटून घेतले तर काय हरकत आहे? ऑनलाइन कोर्स करून घ्या असं मात्र म्हणू नका, पकड मोबाईलवर शिकता येत नाही आणि आमच्याकडं रेंज वावराच्या धुऱ्यावर गेल्याशिवाय येत नाही.

बीपीएडचंही, म्हणजे खेळाचा शिक्षक व्हायच्या पदवीचंही, सांगतो कारण पालकांना हे कोणी सांगत नाही. पदवीला शारीरिक शिक्षण विषय घेतलेला असला तर बीपीएडच्या पात्रतेत ४५ टक्क्यांचा रस्ता मोकळा होतो, एरवी साधारणपणे ५० टक्के आणि सोबत स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागते. वेचणीच्या हंगामात सेमिस्टरची परीक्षा येते, पोरगी सकाळी वेचायला आणि दुपारी पेपरला, तिच्यासाठी हे पाच टक्के म्हणजे घरी बसणं आणि शिक्षिका होणं यातला फरक आहे. तुम्ही विषय बंद केला तर तो रस्ता तुम्ही तिच्यासाठी बंद केला.

अभ्यास मंडळाच्या सर-मॅडमना वेगळी विनंती. इंग्रजीचं दोन क्रेडिटचं एक छोटं पेपर खेळाडूंसाठी करता येईल का पाहा. खेळाचं नियमांचं पुस्तक वाचणं, स्कोअरशीट भरणं, औषधाच्या पट्टीवरचं आणि डब्यावरचं वाचणं, दुखापतीचा रिपोर्ट समजून घेणं, एखाद्या अकॅडमीला ईमेल लिहिणं. पण ते दिलं म्हणून लिट्रेचर काढून घेऊ नका. खेळणाऱ्या पोरीला कामापुरती इंग्रजी बस झाली असं परस्पर ठरवू नका, तिला कादंबरी वाचायची आहे तर वाचू द्या.

आपल्या अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ ला बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी त्या मंडळाच्या पोरांनी तिथं जाऊन कबड्डी आणि आपले देशी खेळ करून दाखवले. आणि त्याच जिल्ह्यातल्या पापळचा शेतकऱ्याचा मुलगा, आपले भाऊसाहेब, डॉ. पंजाबराव देशमुख, ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन परत आले आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा-कॉलेजं काढली. आखाडा आणि इंग्रजी शिक्षण या दोन्ही गोष्टी इथल्याच मातीत मोठ्या झाल्या, आणि आपल्या कॉलेजात दोन्हींचे फोटो एकाच भिंतीवर लागलेले आहेत, प्राचार्यांच्या केबिनबाहेर, मी गेल्या आठवड्यात तिथंच बाकावर बसलो होतो.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, त्यात आपल्या पोरी जिंकल्या आणि त्यांची कॅप्टन महाराष्ट्राचीच होती, प्रियांका इंगळे. आमच्या ग्राउंडवरच्या पोरींनी तो सामना एका मोबाईलवर दहा जणींनी मिळून पाहिला. सामना संपल्यावर कबड्डीवालीनं खो-खोवालीला मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेपाचलाच सगळ्या हजर, मी फक्की घेऊन पोचायच्या आधी.

ॲडमिशनची शेवटची तारीख अजून गेलेली नाही. माझं मागणं एवढंच आहे की त्याआधी ग्रुपचा तो कागद काढून दोन्ही विषय वेगवेगळ्या वेळेला लावा आणि फिजिकल बंद होणार नाही असं लेखी सांगा. येत्या सोमवारी अकरा वाजता मी आणि आमच्या गावचे पाच-सहा पालक कॉलेजात येणार आहोत, भांडायला नाही, बोलायला. टाइमटेबलचं एक कच्चं पान मीही करून आणतो, सरांनी ट्रॅक आखायला शिकवलं तसंच, टेप लावून.

भाचीचा फॉर्म माझ्या पिशवीत आहे. नाव, गाव, जन्मतारीख, बारावीचे मार्क, सगळं तिनं तिच्या अक्षरात भरलं आहे. विषयाचे दोन रकाने कोरे आहेत.

तुमचा माजी विद्यार्थी,
बीए, २०१५ ची बॅच